अकराव्या फरशीवरचा उंट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी उंट आहे, आणि मला चाकं आहेत. उंटाला चाकं कशी, असं तुम्हाला वाटलं असेल. माझं जन्मघर कळलं की तुमची शंका फिटेल.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात. ते बैल करणारे रामाजी नावाचे एक सुतार होते. एकोणीसशे एकसष्ट सालच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे पुष्पलताबाई आपल्या नऊ वर्षांच्या प्रेमिलाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "रामाजी, मले एक उंट करून द्या. नाताळाच्या गव्हाणीसाठी."

रामाजींनी आयुष्यात बैलाखेरीज काही घडवलेलं नव्हतं. बाईंनी आणलेल्या कॅलेंडरवरच्या चित्राकडे ते पुष्कळ वेळ पाहत बसले. मग एक अर्धा झालेला बैल उचलून त्यांनी त्याची मान लांब केली, शिंगं तासून टाकली आणि वशिंड सरकवून पाठीच्या मधोमध आणलं. झाला उंट! माझा चेहरा आजही बैलाचाच आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. बैलाचा चेहरा शांत असतो.

"काका, उंटाले चाकं नसतात!" प्रेमिला म्हणाली.

"बाई, मी आजवर बिनाचाकाचं जनावर नाही बनवलं," रामाजी म्हणाले. "चाकं काढली तं तू ओढशीन कायनं?"

अशा रीतीने मी चाकांसकट, गळ्यात दोरी घालून, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलो. तिथे मधल्या खोलीत बाळ येशूच्या जन्माचा देखावा, म्हणजे गव्हाण, मांडली होती, आणि तीन राजे माझी वाट पाहत होते. ते मातीचे होते, बोटभर उंचीचे. बाळ येशूच्या दर्शनाला दूर देशाहून निघालेले हे तीन राजे. त्यांचा जुना उंट पडून फुटला होता. रामाजींनी माझ्या पाठीवर तीन खाचा पाडल्या होत्या, त्यांत तिघांनाही एकामागे एक बसवलं. ते पाहून प्रेमिला टाळ्या पिटत म्हणाली, "आई, पोलीस पकडीन याईले! ट्रिबल सीट!"

तिचे वडील देवराव एरवी फारसे हसत नसत, पण तेव्हा हसले.

आता या घराची रीत सांगतो. नाताळ एका दिवसात संपत नाही. पंचवीस डिसेंबरला बाळ जन्मतं आणि सहा जानेवारीला तीन राजे पोचतात, तेव्हा सण पुरा होतो. त्या घरात दाराच्या उंबऱ्यापासून मधल्या खोलीतल्या गव्हाणीपर्यंत बरोबर बारा फरश्या होत्या. पुष्पलताबाईंचा नेम असा, की पहाटे अंघोळ करून जपमाळ म्हणायची, मग दोरी धरून मला एक फरशी पुढे न्यायचं आणि त्यानंतरच तोंडात चहाचा घोट घ्यायचा. सव्वीस तारखेला पहिली फरशी, सहा तारखेला बारावी. माझं मागचं डावं चाक कुरकुरायचं. तो आवाज आला की घरातल्यांना कळे, पुष्पलताची प्रार्थना झाली.

सहा तारखेला मी पोचलो की आवराआवर सुरू व्हायची. फराळाचा डबा रिकामा करून धुवायचा. गव्हाणीतलं भाताचं तणस शेजारच्या रंभाबाईंच्या गाईला घालायचं. संध्याकाळी फादर यायचे आणि आशीर्वादाच्या खडूने दाराच्या चौकटीवर नव्या सालाचे आकडे आणि तीन राजांच्या नावांची अक्षरं लिहायचे. या दारातून जो येईल त्याचं भलं होवो, असा त्याचा अर्थ. सर्वांत शेवटी देवराव अंगणातला तारा खाली उतरवत. बांबूच्या कामट्यांचा आणि पांढऱ्या कागदाचा तो तारा ते स्वतः करत. देवराव रेल्वेत सिग्नल खात्यात होते. वेळेच्या पुढे-मागे काही झालेलं त्यांना चालत नसे. तारा उतरला की ते म्हणत, "सिग्नल पडला. गाडी गेली. आता पुढच्या वर्षी."

मग मला जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवत. अकरा महिने झोप, बारा दिवस चाल. सांगा, असं सुखाचं आयुष्य कुठल्या उंटाला मिळालं असेल?

दहा वर्षं अशी गेली. पाहुणे यायचे, मला हातात घेऊन म्हणायचे, "किती गोड आहे हो तुमचा उंट!" मी फुगून जायचो.

मग एका नाताळाला पेटी उघडली, तेव्हा घरात प्रेमिला नव्हती.

मी पेटीत असताना तिने लग्न केलं होतं. मुलगा कुहीच्या शाळेत मास्तर होता, बळीराम त्याचं नाव. घर बौद्ध, छप्पन साली त्याच्या वडिलांनी इथेच नागपुरात दीक्षा घेतली होती. मुलगा चांगला होता, पण लग्न कचेरीत सह्या करून झालं. चर्च नाही, फादर नाही, आणि देवरावांना ते झाल्यानंतर कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "मले विचारलं नाही. आता मी बी विचारणार नाही." त्यानंतर त्या घरात प्रेमिलाचं नाव निघेनासं झालं. त्या वर्षी फादरांनी दारावर खडूने लिहिलं, तेव्हा पुष्पलताबाई त्या अक्षरांकडे पाहत कितीतरी वेळ उभ्या होत्या. जो येईल त्याचं भलं होवो. पण यायचं कोणी?

पुढच्या वर्षी, म्हणजे बहात्तर सालच्या डिसेंबरात, कुहीहून एक पोस्टकार्ड आलं. प्रेमिलाने लिहिलं होतं की मुलगी आता चालायला लागली आहे, आणि तिचं नाव जयवंता ठेवलं आहे. जयवंता हे देवरावांच्या आईचं नाव. त्यांनी कार्ड वाचलं, खिशात ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. त्या वेळी मी पहिल्या फरशीवर होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"ऐकलं का," ते पुष्पलताबाईंना म्हणाले, "यायचं असंन तं येऊ दे तिले. तारा लागला आहे तोवर दार उघडं आहे. सहा तारखेले तारा उतरला का विषय खतम. मग माझ्यापुढं नाव काढायचं नाही."

पुष्पलताबाईंनी त्याच दिवशी ताऱ्याची अट लिहून उत्तर धाडलं. त्याला लगेच जवाब आला: येतो, सहा तारखेच्या आत नक्की येतो.

मित्रांनो, त्या वर्षी मी जसा चाललो तसा कधीच चाललो नाही. रोज पहाटे एक फरशी पुढे गेलो, की बाई दाराकडे बघायच्या. तिसरी फरशी, पाचवी, आठवी. फराळाच्या डब्यात त्यांनी पाच करंज्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. दर दिवशी झाकण उघडून मोजायच्या, जणू काही त्या उडून जाणार होत्या. बस कुहीहून सकाळी येते, संध्याकाळीही येते. दोन्ही वेळेला गल्लीत पावलं वाजली की त्यांचा हात थबकायचा. नववी फरशी झाली, दहावी झाली, अकरावी झाली. प्रेमिला आली नाही.

सहा तारखेच्या पहाटे जपमाळ नेहमीपेक्षा लांबली. मग बाईंनी माझी दोरी धरली. नेम तो नेम. त्यांनी मला बाराव्या फरशीवर नेलं, गव्हाणीपुढे उभं केलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की रामाजींनी चाकं लावली नसती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाई चर्चमध्ये प्रार्थनेला गेल्या. देवराव ड्युटीवरून आले, हातपाय धुतले आणि खुर्चीवर बसले. माझ्याकडे पाहत राहिले. मग उठले, इकडेतिकडे बघितलं आणि मला दोन्ही हातांनी अलगद उचललं. ओढलं नाही बरं का, उचललं. चाक कुरकुरू नये म्हणून. आणि मला मागे, अकराव्या फरशीवर ठेवून दिलं! पाठीवरचा एक राजा कलंडला होता, तोही नीट बसवला. मग खुर्चीवर बसून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

थोड्या वेळाने फादर आणि पुष्पलताबाई बरोबरच आले. फादरांच्या हातात खडू होता.

"काय देवराव, लिहू ना दारावर?"

"आज नको, फादर."

"काहून?"

"उंट पोचला नाही."

फादरांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग त्या फादरांसाठी चहा ठेवायला आत गेल्या. फादर इतकी वर्षं या घरी येत होते, त्यांना फरश्यांचा हिशेब ठाऊक होता. त्यांनी खडू फळीवर ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. पोचला की तुम्हीच लिहा. अक्षर तुमचंही बरं आहे."

त्या संध्याकाळी तारा उतरला नाही.

दुसऱ्या पहाटे बाईंनी प्रार्थना केली, मला अकराव्यावरून बाराव्यावर नेलं आणि चहा घेतला. संध्याकाळी त्या चर्चला गेल्या, आणि देवरावांनी मला उचलून परत अकराव्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. बाई पुढे न्यायच्या, देवराव मागे आणायचे, आणि दोघंही त्याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हती. एका दुपारी जेवताना मात्र मी एवढं ऐकलं.

"थंडी लई आहे यंदा," बाई म्हणाल्या.

"हो ना," देवराव भाताकडे बघत म्हणाले. "थंडीत जनावर हळूच चालते."

शेजारच्या रंभाबाईंना मात्र राहवेना. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "काहून वं पुष्पलता, तुमचा नाताळ यंदा संपूनच नाही राहिला! माझी गाय तणसाची वाट पाहून राहिली ना."

"काय करू बाई, आमचा उंट पोचला नाही."

"आता घ्या! चाकं असून?"

असे आठ दिवस गेले. चौदा तारखेला संक्रांत उजाडली. संक्रांतीला नागपूरचं आभाळ कसं पतंगांनी भरून जातं, ते तुम्ही पाहिलंच आहे. सकाळपासून गच्च्यांवरून "ओ काट!" चालू होतं. मी पहाटेच बाराव्या फरशीवर आलेलो, उघड्या दारातून दिसेल तेवढं आभाळ बघत होतो. एवढ्यात कुणाचा तरी मांजा ताऱ्याच्या सुतळीवरून सर्रकन घासत गेला. सुतळी तुटली, आणि तारा खाली येऊन विजेच्या वायरीला लोंबकळू लागला. त्याचा एक हात फाटला होता. मागोमाग एक लाल पतंग गिरक्या घेत अंगणात पडला.

पुष्पलताबाई दारात आल्या आणि तिथेच बसल्या. तारा उतरला होता. कोणी उतरवला नव्हता, पण उतरला होता. देवरावांनी घातलेली हद्द संपली होती. बाईंचे ओठ हलत होते. त्या प्रार्थना म्हणत होत्या की नुसतंच काही पुटपुटत होत्या, मला कळलं नाही.

देवराव खुर्चीवरून उठले. आता ते तारा काढून माळ्यावर टाकतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "थोडा भात दे."

"आता? भूक लागली का?"

"खायले नाही वं. खळ करायले."

त्यांनी अंगणात भर उन्हात, साऱ्या गल्लीसमोर तारा मांडीवर घेतला. तो पडलेला लाल पतंग फाडून, भाताच्या खळीने त्याचा कागद ताऱ्याच्या फाटलेल्या हाताला चिकटवला. मग स्टूल आणलं, नवी सुतळी बांधली आणि तारा होता तिथे चढवला. चार हात पांढरे, एक लाल. गच्चीवरची पोरं पतंग सोडून बघत राहिली.

रंभाबाई तीळगूळ घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "देवरावभाऊ, हे काय? आज नाताळ आहे का संक्रांत?"

"दोन्ही," देवराव म्हणाले. "आणा तीळगूळ."

मग स्टूल ठेवायला आत आले, आणि पुष्पलताबाईंच्या देखतच मला उचलून अकराव्या फरशीवर ठेवलं. बाईंनी पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा हसू होतं.

दिवे लागायच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक सायकलरिक्षा थांबली. ही पुढची हकीकत मला प्रेमिलाच्याच तोंडून नंतर कळली. जयवंताला गोवर निघाला होता, म्हणून त्यांना सहा तारखेच्या आत निघता आलं नाही. तसं कार्ड तिने टाकलं होतं. ते कार्ड ही मंडळी इथे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आलं! बळीरामने समजावलं, "आता तरी जाऊन पाहू." पण प्रेमिलाला बापाचा स्वभाव माहीत होता. ती म्हणाली, "गल्लीच्या तोंडाशी थांबू. तारा नसंन तं रिक्षा तिथूनच वळवायची. माझ्या आईले दारातून परत जाताना दिसायचं नाही मले." रिक्षा थांबली. तिने मान वर करून पाहिलं. पतंगांची गर्दी ओसरली होती, आणि निळ्या पडत चाललेल्या आभाळात तारा लागलेला होता. एक हात लाल होता, पण तारा होता.

ती दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर, डोक्यावर पदर घेतलेली. बळीराम मागे, हातात नव्या तांदळाची पिशवी. पुष्पलताबाईंचा हात करंज्यांच्या डब्यावर गेला. देवराव खुर्चीवरून उठले आणि पेपरची घडी घालू लागले.

प्रेमिलाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. लहानपणी ती या फरश्या मोजूनच तर आकडे शिकली होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "आज चौदा तारीख ना? मग हा अकराव्या फरशीवर काहून?"

"तुझ्या बाबाले विचार."

"मले काय विचारता?" देवराव एकदम म्हणाले. "चाक जाम झालं आहे त्याचं. त्या रामाजीनं बरोबर नाही बनवलं."

एवढ्यात बळीरामचं बोट सोडून जयवंता उंबरा ओलांडून आत आली. तिला या घराचे नियम कोणी सांगितले नव्हते. ती डुलत डुलत थेट माझ्यापाशी आली, दोरी धरली आणि ओढली. कुर्रर्र! चाक काय छान फिरलं! मी बाराव्या फरशीवर गेलो तो गव्हाणीला जाऊन धडकलोच, आणि तिन्ही राजे पाठीवरून उडून बाळ येशूच्या पुढ्यात लोळत पडले.

आधी प्रेमिला हसली, मग रडली. मग तर कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, ते मलाही सांगता येणार नाही.

"चाक जाम आहे म्हणे!" पुष्पलताबाई म्हणाल्या.

देवरावांनी फळीवरचा खडू घेतला. दाराशी जाऊन प्रेमिलाला म्हणाले, "बाजूला हो. आत हो म्हणतो मी. चौकटीवर लिहायचं आहे मले." ती आत आली. त्यांनी टाचा उंचावून सालाचे आकडे लिहिले, एक हजार नऊशे त्र्याहत्तर, आणि राजांची तिन्ही अक्षरं. अक्षर मात्र काही बरं आलं नाही. मग ते अंगणात गेले आणि ताऱ्याची सुतळी बळीरामच्या हातात देत म्हणाले, "घ्या मास्तर. पाडा सिग्नल."

करंज्या जरा वातड झाल्या होत्या, पण पाचही संपल्या. रंभाबाईंच्या गाईला तणस मिळालं.

मित्रांनो, यानंतरची माझी वर्षं साधी आहेत. देवराव निवृत्त झाले आणि घर नंदनवन वस्तीत गेलं. तिथे फरश्या लहान, बाराचा हिशेब काही बसेना. बाजारात तयार प्लास्टिकचे तारे आले, आणि प्लास्टरचे उंटही आले, अगदी उंटासारख्या तोंडाचे. देवराव देवाघरी गेले, त्या वर्षी पेटी उघडलीच नाही. पुढेही उघडली नाही. मी पाच वर्षं लुगड्यात पडून होतो. उंदराने माझी दोरी खाल्ली, ते कुरकुरणारं चाकही कुठे गळून पडलं. मला वाटलं, आपला सिग्नल पडला.

गेल्या नाताळात जयवंताने पेटी उघडली. आता ती चौदा वर्षांची आहे. तिने मला पुसलं, नवी दोरी बांधली आणि चाकाच्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण ठोकलं. मग पुष्पलताआजींच्या खोलीत खडूने जमिनीवर बारा चौकोन आखले. आजींना आता नीट दिसत नाही. पहाटे जपमाळ झाली की त्या हाताने चाचपडत माझी दोरी शोधतात.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. जुन्या वस्तू टाकू नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरंच सांगतो. सण संपला की आपल्याला आवरायची फार घाई होते. दिवे काढायचे, डबे धुवायचे, दार लावायचं. आवरा, जरूर आवरा, पण पेटीचं झाकण लावण्याआधी एकदा दाराकडे बघा. कोणी यायचं राहिलं असेल, तर मला उचलून अकराव्या फरशीवर ठेवा. मी थांबेन. लाकडाचा आहे मी, मला थांबण्याचा त्रास होत नाही.